आपत्कालीन वैद्यकीय सेवांचे पदवी-शिक्षण

अपघात, हृद्‌विकाराचा झटका, भाजणे, विषबाधा, अवघड प्रसूती इ. प्रसंगी रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच घटनास्थळी व वाहनात त्याच्यावर उपचार करण्याची जी व्यवस्था, तिला आपत्कालीन वैद्यकीय सेवा असे म्हणतात. ही सेवा देणाऱ्या, परंतु डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीस आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ किंवा परावैद्यक अशी संज्ञा आहे. या व्यवसायाचे महाविद्यालयीन शिक्षण भारतात उशिरा सुरू झाले. महाराष्ट्रात त्याचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती घडला : रुग्णवाहिकेत रुग्णाशेजारी कोणी बसावयाचे? या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे पदवीचे मोलही ठरत गेले. नवी मुंबईसारख्या नगरात बारावीनंतर हा अभ्यासक्रम निवडणाऱ्या विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे व त्याच्या कुटुंबाची पुंजी या मोलावर अवलंबून असते.

पूर्वेतिहास : जखमी सैनिकांना रणांगणावरून त्वरेने हलविणारी वाहने नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दॉमीनीक झां लारे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आणली. तथापि त्यानंतर दीर्घकाळ रुग्णवाहिका ही केवळ वाहतुकीचे साधन राहिली. १९६६ मध्ये बेलफास्ट येथे फ्रँक पँट्रिज यांनी हृदयास विद्युत् आघात देणारे उपकरण वाहनात बसवून उपचारच रुग्णाकडे नेले. पुढील वर्षी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा स्थापन झाली. डॉ. पीटर साफार यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील कृष्णवर्णीय वस्तीतील बेकार तरुणांना विस्तृत प्रशिक्षण देण्यात आले व त्यांची कामगिरी नावाजली गेली. १९७५ मध्ये मात्र शहराने स्वतःची सेवा सुरू करून ही संस्था बंद केली. नव्या परीक्षा व अटी यांमुळे जुन्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना तेथे टिकता आले नाही. कौशल्य आणि त्याची शासनमान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने दाखवून दिले. ब्रिटनमध्ये परावैद्यकांची वैधानिक नोंदणी २००० मध्ये सुरू झाली आणि २०२१ पासून नव्याने नोंदणीसाठी पदवीची पातळी आवश्यक ठरविण्यात आली.

भारतातील वाटचाल : परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने जखमी व्यक्तीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले, परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या प्रवासात उपचार कोणी करावेत, हा प्रश्न अनिर्णित राहिला. मुंबईत १२९८ या क्रमांकाची खाजगी सेवा २००५ च्या सुमारास सुरू झाली. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्यांकडून पूर्ण व सरकारी रुग्णालयात जाणाऱ्यांकडून कमी आकार घेणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. १०८ या क्रमांकाची सेवा ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली व नंतर अनेक राज्यांत पसरली. या सेवेने डॉक्टरांऐवजी मुख्यतः विज्ञान शाखेच्या पदवीधरांना अल्पकालीन प्रशिक्षण देऊन तंत्रज्ञ म्हणून नेमले. आपत्कालीन वैद्यक हा डॉक्टरांसाठी स्वतंत्र विशेष विषय म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये मान्य केला.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग अनुसरला. येथे १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत व ७०४ मूलभूत जीवरक्षक स्वरूपाच्या होत्या. नियंत्रण केंद्र पुण्यात औंध येथे होते. या रुग्णवाहिकांवर मुख्यतः आयुर्वेद शाखेचे पदवीधर डॉक्टर नेमण्यात आले. अशा डॉक्टरांसाठी पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेने आपत्कालीन सेवांची पदव्युत्तर पदविका चालविली. रुग्णाला डॉक्टर लाभला, हा या पद्धतीचा उघड लाभ होय. परंतु त्यामुळे राज्यातील सर्वांत मोठ्या सेवेत परावैद्यक पदवीधरासाठी स्वाभाविक असे स्थान निर्माण झाले नाही आणि या पदवीकडे विद्यार्थ्यांचा ओघही मर्यादित राहिला.

नवी मुंबई : सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील गावांच्या भूमीवर हे नगर वसले. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा, तळोजे येथील रासायनिक कारखाने, न्हावा-शेवा बंदर (१९८९), शीव–पनवेल महामार्ग आणि कळंबोलीहून निघणारा, २००२ मध्ये पूर्ण झालेला सु. ९४·५ किमी. लांबीचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांमुळे येथे रस्ते-अपघात, भाजणे व वायुबाधा यांचा धोका आरंभापासून राहिला. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुसज्ज उपचार-कक्ष ठेवणे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आवश्यक ठरविले होते. अशा कक्षांत प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज १०८ च्या सेवेपूर्वीपासूनच होती.

नेरूळ येथील डॉ. डी. वाय्. पाटील व कामोठे येथील महात्मा गांधी मिशन या संस्थांची वैद्यकीय महाविद्यालये १९८९ मध्ये सुरू झाली. त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या शिक्षणसंकुलांना अनुक्रमे २००२ व २००६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभिमत विद्यापीठे आपला अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवितात. नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न महाविद्यालयांत त्या समान असतात. यामुळे एकाच परिसरात शुल्क, प्रवेशपद्धती व पदवीचे नाव यांत बराच फरक आढळतो. शस्त्रक्रियागृह व भूल तंत्रज्ञान, हृद्‌रोग तंत्रज्ञान, रक्तशुद्धीकरण तंत्रज्ञान या पदव्या आपत्कालीन सेवेच्या निकटच्या वाटतात, परंतु त्यांचे कार्यक्षेत्र रुग्णालयाच्या भिंतींच्या आत असते. परावैद्यकास अपुऱ्या प्रकाशात, चालत्या वाहनात व बहुधा एकट्याने निर्णय घ्यावा लागतो. म्हणून त्याच्या शिक्षणाचे स्वरूपही वेगळे असावे लागते.

मान्यता : या व्यवसायास राष्ट्रीय पातळीवर वैधानिक नाव मिळाले, ते २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे व तीन ते सहा वर्षांचे, तर सहयोगी व्यावसायिकाच्या पदविका वा पदवीसाठी किमान २,००० तासांचे व दोन ते चार वर्षांचे शिक्षण या अधिनियमाने सांगितले. राज्य परिषदा व नोंदवह्या यांचीही तरतूद त्यात आहे. अंमलबजावणी रेंगाळल्याने सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र व राज्ये यांना ती दोन महिन्यांत करण्याचा आदेश दिला.

अभ्यासक्रमाची निवड : या इतिहासावरून निवडीच्या कसोट्या स्पष्ट होतात. पहिली कसोटी पदवीच्या नावाची. ते अनुसूचीतील व्यवसायाशी जुळते काय व ती देणाऱ्या संस्थेस मान्यता आहे काय, हे प्रवेशापूर्वी पाहणे आवश्यक असते. कारण नोंदणीचा हक्क त्यावर अवलंबून असतो. दुसरी कसोटी प्रात्यक्षिकाच्या तासांची. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबविणे, मणक्याला धक्का न लावता जखमीस उचलणे ही कौशल्ये पुतळ्यावर शिकता येतात. परंतु रात्रपाळीतील अपघात-विभाग व प्रत्यक्ष रुग्णवाहिका यांतील अनुभवावाचून ती अंगवळणी पडत नाहीत. म्हणून संलग्न रुग्णालयात तातडीच्या रुग्णांची वर्दळ किती आणि आंतरवासिता कोठे करावी लागते, या माहितीस इमारतीपेक्षा अधिक महत्त्व आहे. तिसरी कसोटी नोकरीची. डॉक्टरप्रधान १०८ सेवेवर विसंबून न राहता रुग्णालयांचे अपघात-विभाग, कारखान्यांतील उपचार-कक्ष, बंदरे व खाजगी रुग्णवाहिका या क्षेत्रांत आधीच्या पदवीधरांना कोणत्या पदावर घेतले गेले, याची चौकशी उपयुक्त ठरते.

ज्यांना तीन-चार वर्षे सलग देणे शक्य नसते, त्यांच्यासाठी अल्पमुदतीची प्रमाणपत्रे आणि टप्प्याटप्प्याने पूर्ण करावयाच्या व्यवसाय-पदव्या हे पर्याय आहेत. व्यवसाय-पदवीत पहिल्या वर्षानंतर पदविका व दुसऱ्या वर्षानंतर प्रगत पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यांमुळे कमाई लवकर सुरू होते; परंतु पुढील नोंदणीसाठी ते शिक्षण किती ग्राह्य धरले जाईल, याची खात्री प्रवेशापूर्वीच करून घ्यावी लागते.

आपत्कालीन सेवेत रुग्णास डॉक्टर, वाहन किंवा रुग्णालय निवडण्यास बहुधा वेळ नसतो. त्याच्यापाशी प्रथम पोहोचणारी व्यक्ती किती शिकलेली असेल, हे कित्येक वर्षे आधी एखाद्या महाविद्यालयाच्या प्रवेश-खिडकीपाशी ठरलेले असते.