कारखान्यांच्या पट्ट्यातील प्राथमिक शिक्षक आणि शैक्षणिक सुधारणा

पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे भोसरी-आकुर्डीत आणि अखेरीस चाकणपर्यंत उद्योग पसरले, आणि गावातील मुलांसाठी असलेल्या मराठी शाळांत दूरदूरहून आलेल्या कामगारांची मुले बसू लागली. अशा वर्गात राज्याची प्रत्येक सुधारणा शिक्षकाला आपल्या परीने बसवून घ्यावी लागली.

पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा 2000 सालचा निर्णय तर याच परिसरातील नेते, तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांचा होता. तोवर मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून, मुळाक्षरे, वाचन आणि भाषांतर या क्रमाने शिकवले जाई; आता मात्र ऐकणे-बोलणे आधी आणि लिहिणे नंतर, अशी अपेक्षा आली. ज्या शिक्षकाला स्वतः इंग्रजी बोलण्याचा प्रसंग क्वचितच आला होता, त्याच्याकडे ही मागणी पद्धतीइतकीच आत्मविश्वासाचीही होती. म्हणूनच नवी बडबडगीते घेऊन अर्थ मात्र मराठीत सांगणाऱ्या शिक्षकाला सुधारणाविरोधी ठरवणे अन्यायाचे आहे, कारण मुलाला समजले पाहिजे हा जुना आग्रह त्याने नव्या पद्धतीतही सोडला नव्हता.

शिक्षणहक्क कायद्यानंतर, 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, म्हणजे केवळ परीक्षेवर न विसंबता निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशा साधनांनी मुलाची वर्षभर पारख करण्याची पद्धत. कल्पना उत्तम होती. परंतु प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे काम मोठ्या पटाच्या वर्गात इतके वाढले की अनेक ठिकाणी तयार वाक्ये उतरवली जाऊ लागली आणि निरीक्षण मागे पडले. दोष शिक्षकाच्या आळसाचा नव्हे. नोंदवही तपासली जात होती, वर्ग मात्र फारसा पाहिला जात नव्हता.

याउलट खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलेच एकमेकांना शिकवतात, ही ‘विषयमित्र’ पद्धत शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्या सहकार्याने रुजली आणि 2025 मध्ये या शाळेला जागतिक स्तरावरील लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. नवे धोरण आखणाऱ्यांनी पुढचे परिपत्रक काढण्यापूर्वी शिक्षकाचा किती वेळ कागदांत जातो, हे आधी मोजावे.