ग्रहण, तीळ आणि वार

लोणी काळभोर हे हवेली तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे मोठे गाव. तुकोबांची पालखी पुणे सोडते तेव्हा तिचा पुढचा मुक्काम इथे पडतो. रेल्वे स्टेशन आहे, तेल कंपन्यांचे डेपो आहेत, विश्वराजसारखे मोठे रुग्णालयही आता इथेच आहे. तरीही ग्रहण असले की या पट्ट्यातल्या, खरे तर सगळ्या महाराष्ट्रातल्या, कितीतरी घरांत गरोदर सुनेला विळीजवळ जाऊ देत नाहीत. चिरायचे नाही, कापायचे नाही, सुईदोरा हातात धरायचा नाही, ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. नाहीतर मूल फाटक्या ओठाचे निघेल, अंगावर काळा डाग घेऊन येईल. अंधश्रद्धा म्हणून हे बाजूला सारणे सोपे आहे. मला मात्र त्यामागचा प्रश्न खरा वाटतो: आईच्या शरीरातले काय काय मुलाच्या शरीरात उतरते? रूढीने त्याचे उत्तर आईच्या वागण्यात शोधले, विसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी काही काळ ते तिच्या गर्भारपणातच शोधले. दोन्ही वेळा बोट आईकडे वळले आणि तिचे अंग नीट पाहायचे तेवढे राहून गेले. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा जो कर्करोग, वरून नुसता तीळ वाटणारा मेलानोमा, त्याच्या इतिहासात ही चूक फार स्पष्ट दिसते.

ग्रहणाची ही रूढी आपल्याकडे एकटी आलेली नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानात म्हटले आहे की चौथ्या महिन्यापासून गर्भिणी दोन हृदयांची होते, तिच्या मनातल्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा असतात, आणि त्या मोडल्या तर मूल कुबडे, लंगडे, ठेंगणे किंवा मंदबुद्धीचे होते. आपले डोहाळे पुरवणे याच विचाराच्या वंशातले. त्यात बाईचे लाड होतात ही जमेची बाजू आहे, पण व्यंग निघाले तर जबाबदार कोण हे तिथेही आधीच ठरलेले आहे. आपल्यापुरतेच हे आहे असेही नाही. अ‍ॅझ्टेक लोकांत ग्रहणाच्या वेळी गर्भवतीने ज्वालाकाचेचा तुकडा अंगाशी धरायचा असे, कारण भीती तीच, मुलाचा ओठ कुरतडला जाण्याची. फ्रान्समधला मोठा शल्यवैद्य आंब्रुआज पारे यानेही १५७३च्या आपल्या ग्रंथात मुलाच्या व्यंगाच्या कारणांमध्ये आईच्या मनातल्या कल्पनेला स्थान दिले आहे. म्हणजे शिकलेले आणि न शिकलेले, दोघेही एकाच दिशेने पाहत होते.

आकाशाचे ज्ञान वाढले की ही भीती आपोआप जाईल अशी कोणाची अपेक्षा असेल तर लोणीवरून जाणाऱ्या लोहमार्गाचाच इतिहास पाहावा. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याच्या पट्ट्यात याच मार्गावरचे, सोलापूर जिल्ह्यातले जेऊर आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या वेधशाळेचे के. डी. नायगमवाला तिथे दुर्बिणी मांडून बसले होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही आले होते. पुढे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ग्रहण हा लोकशिक्षणाचाच विषय केला. इतके होऊनही गरोदर बाईवरचे निर्बंध सगळ्यांत शेवटी सुटतात, काही घरांत सुटतच नाहीत. याचे कारण मला असे दिसते की ग्रहणात काय होते हे लोकांना कळलेले असते. मुलाला व्यंग कशाने येते हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. एका प्रश्नाचे उत्तर दिले म्हणून दुसरा मिटत नाही.

या कहाणीत एक माणूस नेहमी अंधारात राहतो, ती म्हणजे सुईण. दख्खनच्या अनेक गावांत ती मांग समाजातली असे. ग्रहण सुटताना ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी देत धान्य मागायचा मानही त्याच समाजाकडे होता. म्हणजे गर्भवतीला ज्याची भीती घातली जाई त्या ग्रहणाचे दान घेणारे घर आणि तिचे बाळंतपण करणारे घर बहुतेक वेळा एकाच वस्तीत होते, आणि ती वस्ती वेशीबाहेर. सुईणीच्या कामाचा शेवटचा भाग वारेचा. मूल झाले तरी वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे. पडलेली वार ती हातावर घेई, उलटी करून आईच्या बाजूचे भाग बोटाने चाचपी, सगळे जुळतात का, एखादा तुकडा आत राहिला का, हे बघे. कारण राहिला तर बाई रक्तस्रावाने जाईल हे तिला ठाऊक असे. मग अंगणात किंवा न्हाणीजवळ खड्डा करून, हळदकुंकू वाहून, कुत्र्यामांजराने उकरू नये इतकी खोल ती पुरली जाई. हे तपासणे शास्त्रशुद्ध होते. आजही प्रसूतिगृहात वार पूर्ण आली का हे असेच पाहतात. पण ते कोणी लिहून ठेवले नाही. हवेलीतल्याच दुसऱ्या लोणीवर, लोणीकंदवर, सर्जन थॉमस कोट्स यांनी १८२०मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी निबंध लिहिला आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९६०मध्ये त्याच गावाचा पुन्हा अभ्यास मांडला. गावच्या जमिनी, अन्न, वस्त्र, सण यांच्या नोंदी अशा कागदांमुळे टिकल्या. सुईणीच्या बोटांतले ज्ञान मात्र असल्या कागदांत सहसा उतरत नाही.

वारेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण मेलानोमाच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच होते. आईचा कर्करोग पोटातल्या मुलाला होऊ शकतो, अशी पहिली नोंद १८६६मध्ये जर्मनीत फ्रीडराइख यांनी केली. मेलानोमा आईकडून गर्भात गेल्याचे इंग्लंडमध्ये १९३०मध्ये छापून आले. अशा घटना विरळ, पण वाचणाऱ्याच्या मनात घर करणाऱ्या. त्यात १९५१मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज पॅक यांनी सहकाऱ्यासह एक लेख लिहिला. मेलानोमाच्या १,०५० रुग्णांत गरोदर स्त्रिया होत्या अवघ्या १०, आणि त्यांतल्या ५ जणी ३० महिन्यांच्या आत दगावल्या. एवढ्या दहा बायकांवरून गर्भारपण या रोगाच्या आगीत तेल ओतते असा समज वैद्यकात पसरला. गर्भपात करावा, पुन्हा मूल होऊ देऊ नये, असे सल्ले दिले जाऊ लागले. विळीला हात लावू नको म्हणणारी सासू आणि गर्भ ठेवू नको म्हणणारा डॉक्टर यांच्यात फरक पुष्कळ आहे. डॉक्टरच्या हातात निदान दहा नोंदी होत्या. तरी पुराव्याच्या मानाने शिक्षा फार मोठी होती, आणि ती भोगणारी पुन्हा तीच बाई होती.

पुढचे घडले ते विज्ञानाला शोभणारे आहे. त्याच पॅक यांनी १९६०मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर ११५ गरोदर आणि ३३० गरोदर नसलेल्या रुग्ण स्त्रियांची तुलना केली, रोग ज्या टप्प्यावर होता तो लक्षात घेऊन. जगण्यात फरक दिसला नाही. २००४मध्ये स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून गर्भारपणात मेलानोमा झालेल्या १८५ स्त्रिया आणि त्याच वयोगटातल्या ५,३४८ इतर रुग्ण स्त्रिया पडताळल्या गेल्या, निष्कर्ष तोच. मुलांच्या बाजूने पाहायचे तर २००३मध्ये तोवर जगभर प्रसिद्ध झालेल्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. आईचा कर्करोग वारेत किंवा गर्भात पोहोचल्याची प्रकरणे सारी मिळून ८७. त्यांतली २७ मेलानोमाची, आणि या २७पैकी ६ बाळांना रोग झाला, ५ दगावली. आकडे नीट वाचायला हवेत. दीडशे वर्षांच्या जवळपास काळातली ही सगळ्या जगाची बेरीज आहे, म्हणून धोका अत्यंत विरळ.  तरी या यादीत एकटा मेलानोमाच जवळजवळ एक तृतीयांश जागा व्यापतो. म्हणजे वार ओलांडण्याची ताकद या रोगात खास असावी. मात्र असे होते ते रोग आईच्या रक्तातून अंगभर पसरलेला असतो तेव्हा. तिळापुरता असलेला, वेळेवर काढलेला मेलानोमा बाळापर्यंत जात नाही. त्यातही वारेत रोग सापडलेल्या २७ बाळांपैकी २१ निरोगी राहिली, कारण आईच्या परक्या पेशी बाळाचे शरीर बहुधा ओळखते आणि मारते. जपानमधल्या एका आईचा रक्ताचा कर्करोग बाळात गेला तेव्हा त्या पेशींनी आपली ओळख पटवणारा जनुकांचा तुकडाच गमावला होता, असे २००९मध्ये दाखवून देण्यात आले.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. अलीकडच्या काही एकत्रित विश्लेषणांत गर्भारपणाशी संबंधित मेलानोमात मृत्यूचे प्रमाण थोडे अधिक आढळले आहे. मग पॅक यांचे पहिलेच म्हणणे खरे नव्हे का? मला तसे वाटत नाही. या अभ्यासांत ‘गर्भारपणाशी संबंधित’ याची व्याख्या एकसारखी नाही. काहींत बाळंतपणानंतरचे वर्ष, काहींत त्याहूनही पुढचा काळ धरलेला आहे. आणि बाळंतपणानंतर निदान होणाऱ्या बायकांत काही जणी हमखास अशा असतात की ज्यांचा तीळ गर्भारपणातच बदलत होता, पण ‘पोटुशी आहे, रंग काळवंडणारच’ म्हणून कोणी पाहिला नाही. गर्भारपणात चेहऱ्यावर वांग येतात, पोटावर काळी रेघ उमटते, स्तनाग्रे गडद होतात, हे खरेच. त्या ओघात बदलणारा तीळही खपून जातो. तेव्हा जो फरक दिसतो तो मला प्रामुख्याने उशिराचा फरक वाटतो.

हा उशीर आपल्याकडे कुठे होतो, ते रोगाच्या जागेवरून कळते. भारतात मेलानोमा लाखात एकापेक्षाही कमी, पण होतो तो बहुधा जिथे ऊन पोहोचत नाही तिथे: तळपायावर, तळहातावर, नखाखाली, तोंडाच्या आत. गोऱ्या लोकांच्या पाठीवर किंवा पोटरीवर जो डाग डोळ्यांत भरतो, तो आपल्याकडे टाचेखाली लपलेला असतो. त्याला कुरूप म्हणतात, काटा मोडला म्हणतात, नखाला ठेच लागली म्हणतात, ब्लेडने खरवडतात, महिने जातात. कर्करोग आणि रोजची राहणी यांचा संबंध डोळसपणे पाहण्याची परंपरा मराठी मुलखात नाही असेही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५मध्ये कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या निऱ्यांखाली होणारा त्वचेचा कर्करोग वर्णन केला. पुढे साडीच्या आणि परकराच्या नाडीखालचाही नोंदला गेला. तो मेलानोमा नव्हे, वेगळ्या पेशींचा रोग. पण खानोलकरांनी केले ते हेच की रूढीला दोष देण्याआधी शरीराची जागा पाहिली, नमुना काढला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धोतराबद्दल गावात कोणाला भीती नव्हती आणि तिथे रोग होता. ग्रहणातल्या विळीची भीती होती आणि तिथे काहीच नव्हते.

कोणी विचारेल, तीन तास घरात बसल्याने काय बिघडते, बाईला तेवढीच विश्रांती. विश्रांती द्या, जरूर द्या. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कोणीच पाहू नये हेही बरोबर. पण सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला उन्हाळ्याच्या दिवसांत पाण्यावाचून ठेवणे ही विश्रांती नाही. आणि याहून मोठे नुकसान नंतरचे आहे. मुलात काही न्यून निघाले की ‘ग्रहणात काय केलेस’ हा प्रश्न जिला विचारला जाणार आहे, ती आपल्या अंगावरचा वाढता डाग घरात बोलून दाखवत नाही. दोषाच्या भीतीने लपवाछपवी होते, आणि या रोगात लपवण्याचे दिवस आईला आणि विरळ प्रसंगी बाळालाही महागात पडतात. दुसरे कोणी म्हणेल, इतक्या विरळ रोगाविषयी लिहून गरोदर बायकांना का घाबरवायचे? उलट, घाबरवते ते अर्धवट ऐकलेले. तीळ काढून तपासायला जागा सुन्न करणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन लागते आणि ते गर्भारपणात सुरक्षित आहे. निदान झाले म्हणून मूल पाडावे लागते असे नाही. रोग पसरलेला असेल तर मात्र नव्या औषधांचा गर्भावर काय परिणाम होईल याचा विचार कर्करोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी बाईला समोर बसवून करायला हवा. निर्णय तिचा.

आता सुईणीची जागा रुग्णालयाने घेतली, आणि वार अंगणाऐवजी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. निरोगी बाळंतपणात तेच योग्य. पण जिला कधीही मेलानोमा झाला आहे तिची वार फेकू नये. ती फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे पाठवावी, कारण वारेत रोग सापडला तर त्या बाळाला पहिली दोन वर्षे नियमित तपासावे लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्या दिवशी वजन आणि रक्तदाब घेऊन झाला की चप्पल काढायला सांगून तळपाय आणि नखे बघायला एक मिनिट लागते. डॉक्टरांनी आणि आशाताईंनी ते मिनिट द्यावे. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या टाचेवरचा, नखाखालचा काळा डाग वाढतो आहे का, हे तुम्हीही तिला आजच विचारा.