ऊन, मुडदूस आणि उलटलेले कुंपण



कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद मागायची कोणाकडे, असे आपण म्हणतो. माणसाच्या शरीरातही असे घडते. रोगजंतूंना अडवणारी जी राखणदार शक्ती आपल्या अंगात असते, तिला काही माणसांत आपला-परका हा भेद उमगेनासा होतो आणि ती घरच्यांवरच उलटते. सांध्यांवर उलटली की आमवात होतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर उलटली की मल्टिपल स्क्लेरोसिस होतो. ल्युपस या रोगात तर कातडी, सांधे, मूत्रपिंडे अशी अनेक ठिकाणे सापडतात. बरं, या शक्तीला लगाम घालणारी औषधे घ्यावीत, तर बाहेरच्या विषाणूंना वाट मोकळी होण्याची भीती.

मी इतिहास शिकवतो. मी डॉक्टर नव्हे. पण माझा एक जुना विद्यार्थी खेड्यात शिक्षक आहे. त्याने मला विचारले, "सर, घरी पत्नीला ल्युपस आहे. लोक म्हणतात, ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने घ्या, रोज उन्हात बसवा आणि बाकीच्या गोळ्या बंद करा. करू का तसे?" औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. पण हा सल्ला कुठून आला, त्यात खरे किती, हे इतिहासाला विचारता येते.

ही कथा मुडदुसापासून सुरू होते. इंग्लंडातल्या धुराने काळवंडलेल्या शहरांत मुलांचे पाय वाकत, छातीचा पिंजरा बसे. थिओबाल्ड पाम हा डॉक्टर जपानात राहून आला होता. तिथे त्याला मुडदूस जवळजवळ दिसला नव्हता. त्याने देशोदेशींच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रे लिहून माहिती जमवली आणि 1890 साली सांगितले, की जिथे ऊन नाही तिथे मुडदूस आहे. त्या वेळी फारसे कोणी ऐकले नाही.

पुढे 1919 साली दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडात एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना मुडदूस आणून दाखवला आणि कॉड माशाच्या तेलाने तो टाळूनही दाखवला. इकडे बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदुशी मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला, तर हाडे सुधारू लागली. तेल एक, प्रकाश दुसरा, आणि गुण मात्र तोच! अमेरिकेत मॅकॉलम यांनी 1922 मध्ये तेलातले ते द्रव्य वेगळे ओळखले. अ, ब, क ही नावे आधीच दिली गेली होती, म्हणून हे ड. उन्हातले अतिनील किरण आपल्या कातडीतच हे द्रव्य तयार करतात, हेही पुढे उमगले.

या इतिहासात आपले नाशिकही आहे बरं का! हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी तिथली पाहणी 1922 सालीच प्रसिद्ध केली. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुले जेमतेम खाऊनही मुडदुसापासून बहुधा मुक्त होती. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत मात्र तो होता. अन्न होते, ऊन नव्हते.

आता कुंपणाकडे येऊ. विषुववृत्तापासून दूर, कमी उन्हाच्या मुलखात मल्टिपल स्क्लेरोसिस जास्त आढळतो, हे पूर्वीच दिसले होते. नॉर्वेत 1952 साली आणखी एक गोष्ट नोंदली गेली, की मासे खाणाऱ्या किनारपट्टीवर हा रोग कमी आणि आतल्या शेतीच्या भागात जास्त. यामागे ड जीवनसत्त्व असावे, असा तर्क गोल्डबर्ग यांनी 1974 साली मांडला.

पण मग विषाणूचे काय? लंडनमध्ये 1964 साली एपस्टाइन-बार नावाचा विषाणू सापडला. तो बहुतेक माणसांच्या अंगात आयुष्यभर मुक्काम करतो, तोही निमूटपणे. अमेरिकेच्या एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासून 2022 साली दाखवले गेले, की या विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका 32 पट होतो. तरीही लागण झालेल्या बहुतेकांना तो रोग होत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बी असले तरी जमीन आणि हवामान जुळावे लागते. ड जीवनसत्त्वाची उणीव ही त्या जमिनीतली एक गोष्ट असावी, असे अभ्यासक मानतात.

मग गोळ्या घेऊन भागते का? अमेरिकेत सुमारे 26 हजार प्रौढांवर पाच वर्षे प्रयोग झाला. रोज 2000 युनिट ड घेणाऱ्यांत असे उलटणारे रोग नव्याने होण्याचे प्रमाण 22 टक्क्यांनी कमी दिसले. हा निष्कर्ष 2022 सालचा. पण रोग टाळणे वेगळे आणि जडलेला रोग हटवणे वेगळे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या नेहमीच्या औषधाला मोठ्या मात्रेची जोड देऊनही अमेरिकेतल्या प्रयोगात लाभ दिसला नाही (2023). फ्रान्समध्ये अगदी सुरुवातीच्या रोग्यांत मात्र काही लाभ दिसला (2025).

सर्दी-फ्लूसारख्या श्वसनाच्या संसर्गाचेही तसेच. 2017 साली 25 प्रयोगांची बेरीज करून ड थोडे संरक्षण देते, असे म्हटले गेले. 2025 साली 60 हजारांहून अधिक माणसांची बेरीज झाली, तेव्हा तो लाभ नक्की म्हणावा इतका उरला नाही. विज्ञान असेच चालते. नवा कागद सापडला की आम्ही इतिहासवालेही जुने मत बदलतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: रक्त तपासून उणीव असेल तर ती डॉक्टरांच्या मात्रेने भरून काढावी. जास्तीचे ड चरबीत साठते, रक्तातले कॅल्शियम वाढवते आणि मूत्रपिंडांना इजा करते. शिवाय ल्युपसच्या रोग्याला ऊन बाधते. उन्हाने तो रोग भडकतो. म्हणून तर अशा रोग्यांत ड बहुधा कमी असते. इतरांना जे ऊन औषध, तेच तिला अपाय. आणि गोळ्या मनाने बंद करणे म्हणजे पिसाट बैलाची वेसण सोडणे. लस कोणती, कधी घ्यायची, तेही डॉक्टरांनाच विचारावे.

त्याने गोळ्या बंद केल्या नाहीत. पत्नीचे रक्त तपासले, ड कमी निघाले आणि डॉक्टरांनी आठवड्याची मात्रा लिहून दिली. शिक्षकांनो, आपल्या गावातही असा प्रश्न कोणी विचारील. तेव्हा ही सारी हकीकत सांगा; अर्धी सांगू नका.