१५ मे : जिव्या सोमा म्हसे यांचे निधन (२०१८)

वारली चित्रांना जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे २०१८ साली आजच्या दिवशी वयाच्या ८४व्या वर्षी गेले. जन्म १९३४चा. हयात गेली ती डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर, शेती सांभाळून चित्रे काढण्यात. लहानपणी आई वारली आणि या पोराची वाचाच बसली. सांगायचे ते तो मातीत रेघा ओढून सांगू लागला.

लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र, लिहिण्याचा मान वारल्यांमध्ये सवाशिणींचा. लग्नकार्य नसताना एखाद्या बाप्याने रोज चित्रे काढत बसावे, हे पाड्याला नवलच होते. साहित्य घरचेच : शेणाचा सारवा, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचलेली बांबूची काडी. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र जरूर जवळून पाहावे. बारीक रेघांची वीण अख्ख्या चित्रावर पसरते आणि माणसे कडेला चिमुकली होऊन राहतात. लग्नाच्या चौकापेक्षा हे जाळेच त्यांची खरी ओळख, असे आम्हाला वाटते.

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांची चित्रे बाहेर आणली. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९चे पॅरिसमधले प्रदर्शन, २०११ची पद्मश्री हे त्यानंतरचे. २००३मध्ये जर्मनीत इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रे मांडली गेली. सदाशिव आणि बाळू हे दोन्ही मुलगेही चित्रकारच झाले.