सॅटेलाइट फोटोत ढग पांढराशुभ्र, मग पाऊस कुठे? उपग्रहचित्र वाचायचं कसं

बेळगाव : पावसाळा तोंडावर आला की मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये एक चित्र हमखास फिरू लागतं. काळ्या समुद्रावर पांढरे, लाल, जांभळे डाग आणि खाली ओळ, ‘पुढच्या दोन तासांत बेळगाव-खानापुरात ढगफुटी’. चित्र बहुतेक वेळा खरंच असतं. चूक असतो तो त्याचा लावलेला अर्थ. उलटही घडतं आणि ते जास्त धोक्याचं असतं. चित्रात घाटावर नुसती फिकट राखाडी छटा दिसते आणि त्याच वेळी कणकुंबी, आमगाव, जांबोटी परिसरात धो धो पाऊस कोसळत असतो. हे का घडतं ते कळलं, तर हे चित्र खूप उपयोगाचं आहे.

घरावरची डिश अँटेना एकदा दक्षिणेच्या बाजूला तोंड करून बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. कारण ज्या उपग्रहाकडे ती बघते तो आकाशात एकाच जागी असतो. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला पृथ्वीभोवती फेरी मारायला लागणारा वेळ आणि पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागणारा वेळ सारखाच असतो. त्यामुळे तो आपल्याला जागेवर थांबल्यासारखा वाटतो. यालाच भूस्थिर उपग्रह म्हणतात. हवामानाचे भूस्थिर उपग्रहही तिथेच आहेत. कमी उंचीवरून उत्तर-दक्षिण फिरणाऱ्या उपग्रहांची चित्रं जास्त बारकाईची असतात, पण असा एक उपग्रह एखाद्या गावावरून दिवसातून एक-दोनदाच जातो. भूस्थिर उपग्रह मात्र एकाच भागावर रात्रंदिवस नजर ठेवतो, म्हणून ढग वाढतोय की विरतोय, कुठे सरकतोय हे त्यात कळतं.

भारताने खास हवामानासाठी पहिला उपग्रह १२ सप्टेंबर २००२ रोजी सोडला. नाव होतं मेटसॅट. अंतराळवीर कल्पना चावला यांच्या मृत्यूनंतर फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला ‘कल्पना-१’ हे नाव देण्यात आलं. पुढे २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस अवकाशात गेला. यातला ३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे जवळजवळ बेळगावच्याच रेखांशावर. एका उपग्रहाचं पूर्ण चित्र दर अर्ध्या तासाला मिळतं. दोन उपग्रहांच्या वेळा मागेपुढे ठेवल्या की दर पंधरा मिनिटांनी नवं चित्र हाती येतं.

एकच ढग, तीन चित्रं

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुख्यतः तीन प्रकारची चित्रं दिसतात. पहिलं ‘व्हिजिबल’, म्हणजे साध्या कॅमेऱ्यासारखं. ते सूर्यप्रकाशावर चालतं, त्यामुळे रात्री काळं. रात्री दहाचा म्हणून कोणी उजेडातला व्हिजिबल फोटो पाठवला तर तो दिवसाचा किंवा जुना आहे हे लगेच ओळखावं.

दुसरं इन्फ्रारेड. सगळ्यात जास्त फिरतं ते हेच, आणि गैरसमजही याचेच. हे चित्र उजेडाचं नाही, तापमानाचं आहे. जमीन आणि समुद्र उबदार म्हणून गडद, ढगाचा माथा थंड म्हणून पांढरा. ढग जितका उंच तितका माथा थंड. पंधरा किलोमीटरपर्यंत चढलेल्या गडगडाटी ढगाचा माथा उणे ६० ते उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. मग त्याला लाल, जांभळा असे भडक रंग देतात. हे रंग संगणकाने भरलेले असतात, पावसाचे नव्हेत. हवामान खात्याच्या यलो, ऑरेंज, रेड अलर्टशीही त्यांचा संबंध नाही.

तिसरं ‘वॉटर व्हेपर’, हवेच्या वरच्या थरातल्या बाष्पाचं. ते हवामानशास्त्रज्ञांच्या कामाचं, सामान्य वाचकाने सोडून दिलं तरी चालतं.

घाटावर इन्फ्रारेड चित्र का फसवतं

उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, ढगाखाली काय पडतंय ते दिसत नाही. वळिवाच्या दिवसांत ही अडचण कमी येते. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन-चारला चित्रात एखादा पांढरा ठिपका उठतो, तासाभरात फुगतो, आणि त्याखाली विजा, वारा, गारा यांचा मारा असतो. तिथे थंड माथा म्हणजे जोराचा पाऊस हे गणित बरंचसं जमतं.

जुलैत सह्याद्रीवर हे गणित मोडतं. अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाने भरलेली हवा घाटावर आदळते, वर ढकलली जाते आणि तिथेच रिकामी होते. हे ढग अनेकदा पाच-सहा किलोमीटरच्या वर जातच नाहीत. माथा फारसा थंड नसतो, म्हणून इन्फ्रारेड चित्रात राखाडी दिसतो. पण खालून समुद्राची वाफ सतत येत राहते, त्यामुळे पाऊस तासन् तास थांबत नाही. चोर्ला घाट, आंबोली, कणकुंबी इथला मुसळधार पाऊस बऱ्याचदा याच जातीचा. माथ्याच्या तापमानावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या पद्धती इथे हमखास कमी आकडा दाखवतात.

याची दुसरी बाजूही आहे. पावसाळ्यात खाली वारा पश्चिमेकडून वाहतो, पण चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर तो जोरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असतो. कुठेतरी पूर्वेला उठलेल्या मोठ्या ढगाचा ऐरणीसारखा पसरट माथा या वाऱ्याने ओढला जातो आणि चित्रात बेळगाववर पांढरीशुभ्र चादर येते. खाली शहरात मात्र थेंब नाही. ‘एवढा मोठा ढग आला आणि गेला कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा हेच असतं. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दिवसा व्हिजिबल चित्र शेजारी ठेवून बघणं. इन्फ्रारेडमध्ये पांढरं पण व्हिजिबलमध्ये विरळ, आरपार दिसणारं असेल तर तो पातळ माथा. व्हिजिबलमध्ये घट्ट पांढरं आणि इन्फ्रारेडमध्ये राखाडी असेल तर घाटातला बुटका ढग, आणि पश्चिम भागातल्या गावांनी तोच मनावर घ्यायचा.

समुद्रावर याला तोड नाही

जमिनीवर पर्जन्यमापक आहेत, रडार आहेत. भर समुद्रात काहीच नाही. चक्रीवादळात विमान घालून वारा मोजण्याची नियमित सोय भारताकडे नाही, त्यामुळे वादळाचा जोर मुख्यतः उपग्रहचित्रावरूनच ठरतो. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत त्यासाठी आजही वापरतात. ढगांचे पट्टे किती वळलेत, मध्यभाग किती घट्ट आहे, डोळा दिसतो का, यावरून १ ते ८ असा ‘टी’ क्रमांक देतात. अडीचला पोचलं की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं.

मे २०२१ मधलं तौक्ते गोवेकरांच्या चांगलंच लक्षात आहे. १४ मे रोजी लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, १६ तारखेला वादळ गोव्याच्या किनाऱ्यासमोरून गेलं आणि १७ च्या रात्री दीवजवळ जमिनीवर आलं. हा सगळा प्रवास उपग्रहाने टिपला, इशारेही आधीच निघाले होते. तरीही मुंबईसमोरच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि अनेक कामगारांचा जीव गेला.

धुकं, धूळ, ज्वालामुखीची राख हेही याच उपग्रहांवर दिसतं. हिवाळ्यात उत्तरेतल्या धुक्याने गोवा एक्स्प्रेस बेळगावला उशिरा येते, ते धुकं रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रांत वेगळं काढता येतं. जंगलातल्या लहान आगी मात्र सहसा निसटतात. इन्फ्रारेड चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण चार किलोमीटर बाय चार किलोमीटरचा तुकडा, त्यात छोटी आग विरून जाते. म्हणून वणव्याच्या सूचना प्रामुख्याने खालून फिरणाऱ्या उपग्रहांवरून येतात. त्याच कारणाने ‘अमुक गल्लीवर ढग आलाय’ असं या चित्रावरून कोणी सांगत असेल तर ते सोडून द्यावं.

घड्याळ आधी बघा

चित्रावर छापलेली वेळ बहुधा यूटीसी असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०६०० लिहिलं असेल तर आपले सकाळचे साडेअकरा. तारीखही तपासायची, कारण मागच्या वर्षीचं चित्र यंदा नव्याने फिरतं.

पाऊस येतोय का, हे तासा-दोन तासांपुरतं बघायचं तर पणजीचं डॉप्लर रडार जास्त कामाचं. ते बेळगावपासून सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटरवर आहे. मात्र मध्ये सह्याद्री उभा असल्याने घाटापलीकडचा अगदी खालचा पाऊस त्यालाही पूर्ण दिसत नाही. शेवटी पर्जन्यमापकाला पर्याय नाही. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी नोंद होते. त्या चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. यातही उपग्रहाचा हात आहे. दुर्गम भागातल्या स्वयंचलित केंद्रांचे आकडे गोळा करून पाठवणारं यंत्र इन्सॅट-३डीआरवर बसवलेलं आहे, आणि संकटातल्या बोटींचे संदेश पकडणारंही.

पुराच्या बाबतीत ढग डोक्यावर असण्याचीही गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये चिकोडी, रायबाग, अथणी भागात कृष्णेचं पाणी चढलं ते वरच्या खोऱ्यातल्या पावसाने आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याने. गोकाकमध्ये घटप्रभा आणि मार्कंडेय, रामदुर्गकडे मलप्रभा. अशा वेळी नदीकाठच्या गावांनी स्वतःच्या गावावरचा ढग बघत बसण्यापेक्षा कोयना परिसर, राधानगरी, आंबोली, कणकुंबी इथला रोजचा पाऊस आणि कोयना, राधानगरी, हिडकल, नविलुतीर्थ धरणांतून सोडलेल्या पाण्याचा आकडा बघावा. आकाश निरभ्र असतानाही पाणी दारात येतं.