शिरेतील आग आणि ‘मिसिसिपीचा चिखल’

१/ १९५० च्या दशकाच्या आरंभी बोर्निओतील एका मिशनऱ्याने जंगलातील माती अमेरिकेच्या एली लिली कंपनीकडे धाडली. त्या मातीतील जीवाणूपासून एडमंड कॉर्नफेल्ड यांना पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसलाही नमवणारे प्रतिजैविक गवसले: व्हॅन्कोमायसिन.

२/ आरंभीचे औषध अशुद्ध व तपकिरी होते. संशोधकांनीच त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ असे नाव ठेवले. १९५८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पोटातून ते रक्तात जवळजवळ शोषले जात नाही; त्यामुळे रक्तातील संसर्गासाठी ते शिरेतूनच द्यावे लागे. मग शीर जळजळे, लाल होऊन सुजे, कधी आत गुठळीही धरे.

३/ लवकरच मेथिसिलिन आले आणि हे त्रासदायक औषध अडगळीत पडले. परंतु १९६१ मध्येच ब्रिटनमधून मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या जीवाणूंची नोंद झाली. १९८० च्या दशकात त्यांचा फैलाव वाढला, तेव्हा वैद्यकाला पुन्हा व्हॅन्कोमायसिनकडेच वळावे लागले.

४/ एव्हाना ते बरेच शुद्ध झाले होते. तरी आग पुरती शमली नाही, कारण त्याचे द्रावणच आम्लधर्मी. म्हणून आजही ते पुरेसे पातळ करून, किमान ६० मिनिटे देत, संथपणे सोडतात. सलाइनच्या त्या सावकाश थेंबांमागे हा इतिहास आहे.