इच्छा देवाची, होकार माणसाचा



आजचा विषय पत्रिकेवर जरा जड शब्दांत छापलाय. माणसाची स्वतंत्र इच्छा आणि देवाची योजना. विषय जुना आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीन यावर भांडला, १५२४ मध्ये इरास्मसने माणसाच्या इच्छेच्या बाजूने पुस्तक लिहिलं आणि पुढच्याच वर्षी, १५२५ मध्ये, ल्यूथरने त्याला खणखणीत उत्तर दिलं. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल, त्याने सगळं ठरवून ठेवलं असेल, तर मी निवडतो म्हणजे नेमकं काय करतो? असा तो वाद. तो अजून मिटलेला नाही, आणि आज तासाभरात आपण तो मिटवणार नाही आहोत.

मी तुम्हाला आपल्याकडच्या, एकोणिसाव्या शतकातल्या काही माणसांकडे नेणार आहे. हा प्रश्न त्यांच्यापुढे ग्रंथात आला नाही. तो चुलीपाशी आला, पाण्याच्या घागरीपाशी आला, नोकरीच्या पत्रात आला. आणि तिथे त्याचं रूप थोडं बदललं. 'देवाने ठरवलंय की मी ठरवतो' हा प्रश्न मागे पडला आणि वेगळाच प्रश्न पुढे आला : ही देवाची इच्छा आहे, असं मला सांगतंय कोण?

सुरुवात नारायण वामन टिळकांपासून करू. लोकमान्य नव्हेत, हे कवी. गोष्ट १८९३ ची. टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं झालं, कवितेवर झालं, धर्मावर झालं. उतरताना त्या गृहस्थांनी बायबल हातात ठेवलं आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. ते गृहस्थ कोण, हे टिळकांना पुढेही कळलं नाही. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आता हे ऐकलं की दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी म्हणतात. एक म्हणतो, बघा, देवाची योजना होती. दुसरा म्हणतो, योगायोग. पण मधल्या काळाकडे दोघांचंही लक्ष जात नाही. त्या काळात टिळक वाचत होते, शंका काढत होते, पत्रं लिहून उत्तरं मागत होते. भाकीत त्या गृहस्थांनी केलं असेल, पण वाचनाचे कष्ट टिळकांनाच करावे लागले. योजना होती असं मानलं, तरी ती टिळकांच्या डोक्याला वळसा घालून गेली नाही, डोक्यातूनच गेली.

इथे एक अडचण आहे, आणि ती झाकून चालणार नाही. टिळकांनी स्वतःच्या मनाने निर्णय घेतला. पण त्यांना बायको होती, लहान मुलगा होता. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं? नवऱ्याचा धर्म बदलला म्हणजे त्या काळी बायकोचं काय झालं, ते बघा. नवरा जिवंत आणि संसार मात्र बुडालेला. माहेरच्यांनी, नातलगांनी सांभाळलं, पण लोकांची कुजबुज, दया दाखवणं, हे सगळं सोसायचं तिनेच. एकाचं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या वाट्याला संकट होऊन आलं. 'मला देवाने बोलावलं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाच्या घरात कुणीतरी असं मागे राहिलेलं असतं, हे धर्माच्या इतिहासात फार कमी वेळा लिहिलं जातं. लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने निघालं, आणि मराठीत त्याच्या तोडीचं आत्मचरित्र शोधावं लागतं.

पुढे काय झालं? काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण स्वतःचा धर्म घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. घरात एक ख्रिस्ती नवरा आणि एक सोवळं पाळणारी बायको. त्यांच्या माहेरी तर सोवळं फारच कडक, वडिलांचं सोवळं म्हणजे सगळ्या घराला धाक. त्यातून आलेली ही बाई.

तेव्हा टिळकांच्या हातात अधिकार होता. नवरा म्हणून होता, समाजाने दिलेला होता. 'मी ख्रिस्ती, म्हणून तूही' असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी समजावलं, वाद घातला, चिडलेही असतील, स्वभाव तापटच होता. पण बायकोचा होकार त्यांनी स्वतःच देऊन टाकला नाही. त्याची वाट बघितली.

आणि तो होकार आला कसा, ते महत्त्वाचं आहे. लक्ष्मीबाईंना आधी दर्शन झालं नाही, की कुणाचं प्रवचन ऐकून त्या हेलावल्या नाहीत. त्या विचार करत बसल्या जातीचा. जाती देवाने केल्या की माणसाने? जन्म सारखा, मरण सारखं, देह सारखा. मग हा भेद आला कुठून? माणसानेच केला, असं त्यांचं त्यांनी ठरवलं. आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षं वाया गेली असं कुणी म्हणेल. मला वाटतं, त्या पाच वर्षांमुळेच तो बाप्तिस्मा लक्ष्मीबाईंचा स्वतःचा झाला.

आता थोडं मागे जाऊ आणि इंग्लंडात जाऊ. कारण हाच प्रश्न दहा-पंधरा वर्षं आधी, आणखी उघडपणे, एका मराठी बाईने मांडला होता. पंडिता रमाबाई.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वय पंचविशीचं. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले. बरोबर लहानगी मनोरमा. जायचं कारण वैद्यकीचं शिक्षण. पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं, आणि वैद्यकी राहिली. ख्रिस्ती होण्याचा विचार नाही, असं त्यांनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं. तरी २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथल्या मठात त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणायच्या, अस्सल मराठीत. आणि या आजीबाईंशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने निघाला. मिळाला तर जरूर वाचा. दोन्ही बाजूंना प्रेम आहे आणि दोन्ही बाजू हटायला तयार नाहीत.

भांडणाचं निमित्त अगदी साधं. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी सूचना पुढे आली. मठाने हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत मागवलं. बिशपांनी नकार कळवला. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांचं वजन कमी होईल, लोक नावं ठेवतील, असा युक्तिवाद.

रमाबाईंना आश्चर्य वाटलं. त्यांनी लिहिलं त्याचा भावार्थ असा : माझ्या वडिलांनी कधी आक्षेप घेतला नाही, नवऱ्याने घेतला नाही, भरसभेत पुरुषांपुढे मी बोललेय. आणि इथे इंग्लंडात मला हे सांगितलं जातं? मग त्या मुद्द्यावर आल्या. पुरोहितांच्या जुवाखालून मी फार कष्टाने मान सोडवून घेतली आहे. आता दुसऱ्या पुरोहितांचा शब्द तोच परमेश्वराचा हुकूम असं मानून तसंच दुसरं जू मानेवर घेणार नाही. मला विवेक आहे, बुद्धी आहे, आणि त्या देवानेच दिल्या आहेत.

सिस्टर जेराल्डिन यांचं म्हणणंही समजून घेतलं पाहिजे. त्या काही खलनायिका नव्हेत. त्यांचा मुद्दा असा की स्वातंत्र्य वेगळं आणि मनमानी वेगळी. एकट्या माणसाला स्वतःची इच्छाच देवाची इच्छा वाटू लागते, म्हणून तर मंडळी लागते, परंपरा लागते. या मुद्द्यात दम आहे. 'देवाने मला सांगितलं' म्हणत स्वतःला हवं ते करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण जेराल्डिनबाईंना रमाबाईंच्या शाकाहारातसुद्धा जातीचा अभिमान दिसायला लागला, तिथे गाडी घसरली. इंग्रजी चालीरीत आणि देवाची इच्छा यांच्यातली सीमारेषा त्यांना दिसेना. ती रमाबाईंना दिसत होती, कारण त्या बाहेरून आल्या होत्या.

एक बारकावा मात्र लक्षात घ्या. रमाबाईंनी देवाची आज्ञा नाकारली नाही. ती नाकारायची असती तर ख्रिस्ती राहण्याचं कारणच नव्हतं. आज्ञा पाळायला त्या तयार होत्या, पण आज्ञा आणि आज्ञेचा निरोप्या या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या धरल्या.

इथपर्यंत रमाबाई आपल्याला आवडतात. पुढचा भाग अवघड आहे.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा आणि निराधार उच्चवर्णीय मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं. सल्लागार मंडळात रानडे होते, भांडारकर होते. सदन मग पुण्यात आलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकू लागला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी मंडळ सोडलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं : मी कुणाला बोलावलं नाही, आणि कुणाला अडवणारही नाही. मुलींना विवेक आहे. चेल्टनहॅममध्ये स्वतःसाठी जे मागितलं, तेच त्या मुलींना देत होत्या. तर्क बरोबर आहे. पण समोरची मुलगी बारा-चौदा वर्षांची. जिच्या खोलीचं दार उघडं आहे, तीच तिला जेवण देते, शिकवते, मायेने जवळ घेते. अशा वेळी त्या मुलीचा होकार किती मोकळा? सुधारकांचा हा प्रश्न निव्वळ धर्माभिमानातून आला होता असं म्हणता येत नाही. आणि उलट बाजूने विचारा : ज्या घरांतून त्या मुली आल्या, तिथे केशवपनाला त्यांचा होकार कुणी घेतला होता? बालविवाहाला घेतला होता? मुलीच्या इच्छेचा प्रश्न आपल्याकडे एवढ्या तावातावाने निघाला, तो तिने धर्म बदलायचं म्हटल्यावर.

दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाने दुसरा खोडला जात नाही. रमाबाईंच्या स्वतःच्या घरातही तो होताच. मनोरमेचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती अडीच वर्षांचीही नव्हती.

मग या बाईंचं शेवटचं मोठं काम कुठलं? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांच्या गराड्यात बसून, त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मराठी बायबल तर आधीपासून होतं. मग एवढी खटपट का? मला त्याचा धागा चेल्टनहॅमच्या त्या पत्रांपर्यंत गेलेला दिसतो. निरोप्यावर विसंबायचं नसेल, तर निरोप वाचता आला पाहिजे. नांगर धरणाऱ्या, दळण दळणाऱ्या बाईलासुद्धा.

टिळकांचंही तसंच. १९१७ मध्ये, वय झालेलं, तब्येत खालावलेली, अशा वेळी त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे जागा. बावीस वर्षांपूर्वी दिलेला होकार त्यांना पुरेसा वाटला नाही, त्यांनी तो नव्याने दिला. यावेळी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या.

तर मंडळी, ऑगस्टीन, इरास्मस आणि ल्यूथर यांचा वाद जिथे होता तिथेच आहे. पण या तीन माणसांकडून रोजच्या वापराचं काहीतरी मिळतं. मुलाने काय शिकावं, मुलीने कुणाशी लग्न करावं, बदलीच्या गावी जावं की नाही, आजारी सासूला कुणी सांभाळावं, अशा प्रत्येक ठिकाणी घरातलं कुणीतरी म्हणतं की देवाची इच्छाच आहे. ख्रिस्ती घरात म्हणतात तसं इतर घरांतही म्हणतात. कधी ते खरंही असेल. पण ते म्हणणाऱ्याला त्यातून काय मिळतंय, आणि ज्याच्यावर ते येऊन पडणार आहे त्याला विचारलंय का, एवढं बघायला धर्मशास्त्र लागत नाही. आणि म्हणणारे आपणच असू, तर लक्ष्मीबाईंची पाच वर्षं आठवावीत. तेवढं थांबायची आपली तयारी आहे का, ते आधी पाहावं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.